आईच्या सहा वाट्या

जेरुसलेम
रविवार, १३ ऑक्टोबर १९९६

पेरल,

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून देतेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. पत्र फाडायचं तरी आधी पाकीट उघडावं लागतं, तेवढ्यात चार ओळी तुझ्या डोळ्यांखालून जातील.

तुझी शिफ्रा परवा शब्बाथच्या जेवणाला आमच्याकडे आली होती. गुरुवारी तिचा फोन आला, "मावशी, मी येऊ का?" मी कोण बोलतंय ते विचारायच्या आत हो म्हणून बसले. शुक्रवारी दार उघडलं तर समोर आईची हनुवटी. गळ्यात हेडफोन, तोंडात च्युइंगम, हातात बाजारातली कोमेजलेली फुलं, आणि हनुवटी थेट आईची. तिला आत घ्यायचं मला सुचेना. शेवटी आशेर मागून म्हणाला, "हेन्या, पोरीला जिन्यातच वाढणार आहेस का?"

चांगली जेवली. मी आईच्या पद्धतीनं आलुबुखारे घालून सफरचंदं शिजवली होती, ती आईच्याच काचेच्या वाटीतून दोनदा मागून घेतली. चमचासुद्धा चाटला. इथवर सगळं ठीक होतं. मग म्हणाली, "मावशी, तूपण माझ्यासारखी एकाच वर्षासाठी आली होतीस ना? मग परत का नाही गेलीस?"

हा अठरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न नव्हे. हा तुझा प्रश्न आहे. सत्तावीस वर्षं तू तो विचारते आहेस, कधी तोंडानं, कधी फोन आपटून. मी तिला म्हटलं, "आधी जेव."

आता सरळ सांग, तिला माझ्याकडे कशाला पाठवलंस? आई गेली त्याला सहा वर्षं झाली, त्यात तुझी एक ओळ आली नाही. आणि आता एकदम पोरगी माझ्या टेबलाशी. वर्षभरासाठी शिकायला आलेल्या अमेरिकेच्या मुलींना शब्बाथला जेवू घालणारी घरं या गावात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या सेमिनरीत तशी यादीच लावलेली असते. त्या यादीत माझं नाव नाही, मी चौकशी केली. मग नेमकं माझंच घर हिला कसं सापडलं?

पोरगी गोड आहे. म्हणूनच विचारते आहे.

हेन्या


सोमवार, १८ नोव्हेंबर

पेरल,

उत्तर नाही. मला ते अपेक्षितच होतं.

ती दर शुक्रवारी येते. हेडफोन गेले, च्युइंगम गेलं, स्कर्ट वीतभर खाली आला. जेवणानंतरची प्रार्थना पुस्तकात बघून, डोळे मिटून, डुलत डुलत म्हणते. ती संपेपर्यंत आशेरची एक डुलकी काढून होते. मला त्याचं काही नाही. अठराव्या वर्षी मला हाच ताप चढला होता. मी घरी पाठवलेली पहिली पत्रं तुला आठवत असतील. आईनं भाजी कशी निवडावी हे मी तिला इथून लिहून कळवत होते. तेव्हा त्या बाबतीत मी काही बोलणार नाही.

पण गेले दोन शुक्रवार ती वाटीला हात लावत नाही. "पोट भरलं, मावशी." मी म्हटलं ठीक, भरलं असेल. मग पाण्याचा जग आणायला स्वयंपाकघरात गेले, तर बाई उभ्यानं पातेल्यातून सफरचंदं खात होत्या. त्याच सफरचंदांनी पातेल्यात असताना पोट भरत नाही आणि वाटीत घातली की भरतं, हे काय आहे?

परवा तर कहर झाला. रिकामी वाटी उचलली, दिव्यासमोर धरली, उलटी करून बूड पाहिलं आणि विचारते, "आजीनं या कुठून घेतल्या होत्या?"

"दुकानातून."

"कुणाच्या दुकानातून?"

"तुला काय करायचंय?"

कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, "काही नाही, सहज."

माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. सहज म्हणे. पेरल, आईच्या बारा वाट्यांतल्या सहा तुझ्याकडे आहेत आणि सहा माझ्याकडे. आई मला भेटायला आली तेव्हा तिनं पायमोज्यांत गुंडाळून, पर्समध्ये घालून, विमानात मांडीवर धरून त्या स्वतः आणल्या. मी मागितल्या नव्हत्या. तुझ्या मनात त्यांच्याबद्दल काही असेल तर मला लिही. पोरीला माझ्या टेबलाखालून हेरगिरी करायला लावू नकोस. तिला ते जमतही नाही.

हेन्या


बुधवार, ११ डिसेंबर

पेरल,

शुक्रवारी शिफ्रा जेवून गेली. शनिवारी शब्बाथ संपल्यावर मी कपाट आवरलं तर वाट्या पाच.

मी दोनदा मोजल्या. कचऱ्याचा डबा पाहिला. आशेरला विचारलं, तो बांधणीला आलेल्या पुस्तकांना गोंद लावत होता. म्हणाला, "वाटीला पाय फुटले असतील, फिरून येईल." माझ्या नवऱ्याला सगळ्याचीच मजा वाटते.

रविवारी शिफ्रा सणाच्या मेणबत्त्या लावायला आली, डोनट घेऊन. डोनट मला आवडतात हे तिला आधीच्या आठवड्यात मीच सांगितलं होतं, तेव्हा त्यावरून मी काही अंदाज बांधत नाही. ती गेल्यावर कपाट उघडलं, वाट्या सहा. आशेर म्हणाला, "बघ, सांगितलं नव्हतं?"

मी काही वेडी झालेले नाही. वरच्या मजल्यावरची मसूदा डोळ्यात तेल घालून गल्ली बघत असते, तिला गाठलं. मसूदा म्हणाली, "तुझी भाची ना? दुपारीच दिसली होती, सिनेगॉगकडून येताना. टॉवेलात काहीतरी गुंडाळून छातीशी धरलं होतं. आणि बाह्या कोपरापर्यंत ओल्या. या थंडीत. मी म्हटलं पोरगी आजारी पडणार." मग डोळे बारीक करून म्हणाली, "कुणी मुलगा तर नाही ना?"

मुलाचा आणि ओल्या बाह्यांचा काय संबंध ते मसूदालाच ठाऊक. पण मला वाटीचं कळलं. तिनं ती कुणाला तरी दाखवायला नेली होती. जुन्या काचेचे व्यापारी इथे थोडे नाहीत. त्यांनी धुऊन, घासून पाहिली असणार, खरी का खोटी ते. किंमत काढून घेतली आणि गुपचूप आणून ठेवली. तू सांगितल्याशिवाय ती हे करेल का?

कपाटाला कुलूप लावलं आहे. शिवाय प्रत्येक वाटीच्या बुडाला कागदी चिकटपट्टीचा एवढासा तुकडा लावून त्यावर आकडा घातला आहे, एक ते सहा. उद्या कुणी वाटी बदलून दुसरी ठेवली तर मला कळायला हवं.

हेन्या


मंगळवार, ४ फेब्रुवारी १९९७

पेरल,

शेवटी तुझं पत्र आलं. सहा वर्षांनी आलं आणि त्यात पाच ओळी. पाठ झाल्या आहेत मला. "मी तिला तुझ्याकडे पाठवलेलं नाही. पत्तासुद्धा दिला नव्हता. आता ती दुसरं वर्ष तिथेच राहायचं म्हणते. हे तुझं काम आहे. माझी मुलगी मला परत पाठव."

वाट्यांबद्दल अवाक्षर नाही, हे मी ध्यानात ठेवलं आहे.

पत्त्याचं मी शिफ्राला विचारलं. म्हणाली, "आजीच्या बिस्किटाच्या डब्यात तुझी सगळी पत्रं आहेत, मावशी. पाकिटांसकट. आई ती उघडत नाही, पण टाकूनही देत नाही." हे मला माहीत नव्हतं. डबा कुठला, तो निळा का?

दुसऱ्या वर्षाचं म्हणशील तर मी तिला राहा म्हणून एक अक्षर बोललेले नाही. तिचं मन इथे लागलं आहे. सकाळी चार तास ग्रंथ वाचतात, दुपारी ती एका आजारी म्हातारीकडे जाऊन तिचे केस विंचरते. इथे आली तेव्हा स्वतःच्या डोक्यात कंगवा फिरवत नव्हती. अशा पोरीला मी काय सांगायचं, जा म्हणून?

तिचे वडील गेल्यापासून घरात तुम्ही दोघीच आहात, हे मला कळतं. तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. पण तू "परत पाठव" म्हणतेस ना, ते मी पूर्वीही ऐकलेलं आहे. मी इथेच राहणार म्हणून कळवलं, त्यानंतर महिन्याभरात तुमची तार आली, बाबांना हृदयविकाराचा झटका, ताबडतोब नीघ. विमानात मी अठरा तास रडत होते. दार बाबांनीच उघडलं, हातात सँडविच. आई स्वयंपाकघरात लपली होती आणि तू, चौदा वर्षांची, जिन्यात उभी राहून हसत होतीस. तार टाकायला तू गेली होतीस, हे तूच मला नंतर सांगितलंस.

तेव्हापासून तुमच्याकडून काहीही आलं की मी आधी ते उलटं करून बूड बघते.

आणि आईच्या वेळी तुझा फोन आला, तेव्हा मी म्हटलं की सण उरकून येते. पुढचं तुला माहीत आहे. ते मी लिहिणार नाही.

हेन्या


शुक्रवार, १४ मार्च

पेरल,

शब्बाथ लागायला तीन तास आहेत, सूप चुलीवर आहे, आणि हे तुला आजच लिहायला हवं. शनिवार संपेपर्यंत थांबले तर मी त्यातलं निम्मं स्वतःच्या सोयीनं बदलून लिहीन.

काल मी सापळा लावला. शिफ्रा गुरुवारी दुपारी बटाटे सोलायला येते. मी कपाटाचं कुलूप मुद्दाम उघडं ठेवलं, "बाजारात जाऊन येते" म्हटलं, आणि मसूदाच्या दारामागे जाऊन उभी राहिले. मसूदानं मला बसायला स्टूल दिलं. तिच्या आयुष्यात इतकी चांगली दुपार बरीच वर्षं आली नसेल.

पाच मिनिटांत शिफ्रा बाहेर पडली, पाठीवर पिशवी. मी मागे. ती सिनेगॉगच्या मागच्या बोळात वळली आणि पत्र्याच्या छपराखाली शिरली. तिथे पावसाच्या पाण्याचं दगडी टाकं आहे, भांडी बुडवायचं. मी दारातून पाहिलं. टाक्याच्या काठावर टॉवेल पसरलेला, त्यावर आईच्या वाट्या, पाच. आणि ही गुडघ्यांवर बसून नखानं एका वाटीच्या बुडावरची माझी चिकटपट्टी खरवडून काढत होती.

खूण पुसते आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी ओरडले. काय ओरडले ते सांगते, कारण ती तुला सांगणार नाही. मी म्हटलं, "चोरटे, आईनं शिकवून पाठवलंय का तुला?"

ती दचकली. वाटी हातातून सुटली आणि दगडावर पडली.

नंतर आम्ही दोघी त्या ओल्या फरशीवर बसून तुकडे वेचत होतो आणि ती रडत रडत सांगत होती. नोव्हेंबरात त्यांना वर्गात भांड्यांचे नियम शिकवले. आपल्या लोकांखेरीज दुसऱ्या कुणी केलेली काचेची भांडी वापरात घ्यायच्या आधी त्या पाण्यात बुडवायची. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? मी प्रत्येक नवा पेला त्याच टाक्यात बुडवते. पण वाट्या आईकडून आल्या होत्या. आईनं बुडवल्या असतीलच, असं मी धरून चालले. पंधरा वर्षं धरून चालले. शिफ्राला तेवढी खात्री वाटेना, म्हणून विचारत होती, आजीनं कुठून घेतल्या, कुणाकडून घेतल्या. आणि म्हणूनच पातेल्यातून खात होती. पातेलं इथल्या आपल्याच लोकांच्या कारखान्यातलं, त्याचा काही प्रश्न नव्हता.

"मग मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"तुला वाटलं असतं की चार महिने शिकले आणि मावशीचं स्वयंपाकघर तपासायला लागले. आम्हाला शिकवणाऱ्या रब्बींना विचारलं. ते म्हणाले, ज्या बाईनं तुला जेवू घातलं तिला खाली बघायला लावू नकोस. एकेक करून गुपचूप बुडवून आण. एक झाली, मग तू कुलूप लावलंस."

"पट्टी का काढत होतीस?"

"भांड्याला काही चिकटलेलं असलं तर पाणी सगळीकडे लागत नाही, मावशी. ते आकडे कशाचे होते?"

मी दुसरंच विचारलं. टाक्याशी म्हणायची प्रार्थना असते, ती हिनं म्हटलेली मी ऐकली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यानंच माझा संशय पक्का झाला होता. नाकानं ओढत म्हणाली, "आजीनं आधीच बुडवल्या असतील तर? माहीत नाही ना आपल्याला. शंका असली की प्रार्थना म्हणत नाहीत. पण बुडवायचं सोडत नाहीत."

उरलेल्या चार आम्ही दोघींनी मिळून बुडवल्या. तोंडातून शब्द न काढता. पाणी इतकं गार होतं की माझी बोटं अजून दुखताहेत.

तुझी मी माफी मागते. वाट्यांच्या बाबतीत तुझा काही संबंध नव्हता. आणि आणखी एक, फेब्रुवारीत मी खोटं लिहिलं. "एक अक्षर बोललेले नाही" म्हटलं ना, ते खोटं. सणाच्या दिवसांत, मेणबत्त्या लावल्यावर, मी तिला मागची खोली दाखवली. म्हटलं, ही आमच्या मुलासाठी ठेवली होती, मूल झालं नाही, रिकामीच आहे, तुला हवी तर आहे. तुझ्या मुलीला मी मोहात पाडलं, पेरल. मला ती हवी होती.

सूप उतू चाललं आहे.

हेन्या


रविवार, ३० मार्च

पेरल,

तुझं पत्र काल संध्याकाळी उघडलं. माझ्या माफीचं पत्र तुला मिळालं का मिळालं नाही, त्याचा उल्लेख नाही. सरळ मुद्द्यावर. छातीत गाठ निघाली, दहा एप्रिलला शस्त्रक्रिया, शिफ्राला काही सांगू नकोस, फक्त पेसाहच्या सणाआधी घरी पाठव, कारण काहीतरी तूच काढ.

वा. छान जमवलं आहेस.

नेमकं आता. पोरीनं दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरला त्याच महिन्यात. आणि सांगायचं कुणी नाही, म्हणजे तिनं तुला फोन करून खरंखोटं विचारायला नको, डॉक्टरचं नाव विचारायला नको. हॉस्पिटलचं नावसुद्धा लिहिलेलं नाहीस. सत्तावीस वर्षांपूर्वी निदान तार टाकायला पोस्टापर्यंत चालत गेली होतीस, आता तेवढेही कष्ट नकोत. माझ्याकडूनच खोटं बोलवून घ्यायचं, म्हणजे उद्या पोरीला कळलं तर तोंड माझं काळं.

मी एकदा विमानात अठरा तास रडले आहे. पुन्हा रडणार नाही. तुला खरंच काही झालं असेल तर तसा कागद पाठव, डॉक्टरच्या सहीचा. तो आला की मी शिफ्राला सांगेन आणि स्वतः विमानतळावर पोचवेन. तोवर पोरगी इथे शिकते आहे, सुखात आहे, आणि मी तिच्या


गुरुवार, ३ एप्रिल

प्रिय पेरल,

वरचं पत्र तिथेच तुटलं, कारण आशेर जेवायला बोलवायला आला आणि माझ्या खांद्यावरून त्यानं ते वाचलं. दुसऱ्याची पत्रं वाचायची त्याला सवय नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "त्या वेळीही तू कागदच मागितला होतास."

आणि जाऊन सूप गरम करायला लागला.

तर आता ते लिहिते, जे मी लिहिणार नाही म्हटलं होतं. आईच्या वेळी तू फोन केलास, "आई चालली, लवकर ये," आणि मी तुला म्हटलं की डॉक्टरकडून लिहून पाठव. सणाचं मी नंतर जोडलं, स्वतःला सांगायला बरं म्हणून. तू फोनवर गप्प झालीस. मला वाटलं, पकडली हिला. कागद आला, पेरल. फॅक्स आशेरच्या दुकानात आला, आणि त्यावर जी तारीख होती तिच्या दुसऱ्या दिवशी, मी निघायच्या आत, आई गेलेली होती. तो अजून माझ्याकडे आहे. कपाटात, वाट्यांच्या मागे. शिफ्रा वाट्या काढायची तेव्हा माझा जीव त्या कागदासाठीसुद्धा वरखाली होत असे, हे मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

सोमवारी मी सेमिनरीत गेले आणि शिफ्राला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. तू सांगू नकोस म्हणाली होतीस, मी सांगितलं. रागाव, पण त्या पोरीशी आपण दोघींनी आणखी लपवाछपवी करायची नाही. मला वाटलं ती विचारेल, मावशी, हे खरं आहे का? मी त्याची तयारी करून गेले होते. तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "विमान कधी आहे?" मग आत जाऊन पिशवी भरायला लागली. दुसऱ्या वर्षाचं ती एकदाही बोलली नाही. त्या म्हातारीचे केस आता कोण विंचरेल, एवढीच काळजी करत होती. मी मसूदाला सांगितलं आहे.

आम्ही दोघी रविवारी निघतो. हो, दोघी. मागची खोली मी झाडून बंद केली. आशेर पेसाहला मसूदाकडे जेवेल, आणि आल्यावर मला महिनाभर तिच्या स्वयंपाकाचं कौतुक ऐकवेल.

आईच्या पाच वाट्या पायमोज्यांत गुंडाळून पर्समध्ये घातल्या आहेत. तुझ्या सहा बुडवलेल्या आहेत का ते मला माहीत नाही, पण शिफ्रा म्हणते एकदा विचारून बघू. हे ती माझ्यासारखं कुजकं बोलत नाही हो, खरंच चौकशीनं म्हणते. या वर्षात ती तेवढं शिकली. तू तिला ओळखणार नाहीस, आणि दोन मिनिटांत ओळखशील.

आता खरं सांगते, कारण खोटं पुष्कळ झालं. तुझ्यावर माझा विश्वास बसलेला नाही. हे लिहितानाही ती पाल चुकचुकतेच आहे, हॉस्पिटलचं नाव का नाही लिहिलं हिनं, दहा तारीखच का. सत्तावीस वर्षांची सवय चार दिवसांत जात नाही. तेव्हा दारात मी काही गोड बोलेन, तुझे हात धरेन, असली अपेक्षा ठेवू नकोस. शंका आहे तोवर मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण मी येते आहे.

ही दोन्ही पत्रं टपालात टाकत नाही, आमच्या आधी पोचणार नाहीत. दारात तुझ्या हातात देईन. पहिलंही देईन, लपवून काय करू.

वाटेत अठरा तास मी एकच गोष्ट मनात धरून बसणार आहे. की बेल वाजवल्यावर दार तू स्वतः उघडशील, धडधाकट, हातात सँडविच घेऊन, आणि माझं तोंड बघून जिन्यात उभी राहून हसशील. या खेपेलाही तू मला फसवलेलं असावंस, पेरल. मी देवाकडे दुसरं काही मागत नाही.

तुझी
हेन्या